बरोडाचे वडोदरा करताना: एआय सहायकाला कोडमधली नावे कशी कळतात

१९७४ साली बरोडा या शहराचे अधिकृत नाव वडोदरा झाले. मराठी माणूस त्याआधीही ‘बडोदे’ म्हणत होता आणि त्यानंतरही तेच म्हणतो, पण कागदोपत्री बदल झाला. त्या वेळी एखाद्या उत्साही कारकुनाला कोणी सांगितले असते की दप्तरात जिथे जिथे ‘बरोडा’ दिसेल तिथे तिथे ते खोडून ‘वडोदरा’ लिही, तर काय झाले असते? १९०८ साली स्थापन झालेल्या बँक ऑफ बरोडाचे नाव त्याने बदलून टाकले असते, १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटी ऑफ बरोडाचेही बदलले असते, आणि ही दोन्ही नावे तर आजही तशीच आहेत. उलट ‘बडोद्यात’, ‘बडोद्याहून’ असे लिहिलेले मराठी अर्ज त्याच्या नजरेतून निसटले असते, कारण त्यांत ‘बरोडा’ ही अक्षरेच नाहीत.

कारकुनाकडे अक्षरे ओळखण्याचे कौशल्य होते. ती अक्षरे कोणाविषयी बोलत आहेत हे सांगणारे रजिस्टर नव्हते. प्रोग्रॅम लिहिण्यासाठी जे एआय सहायक आज वापरले जातात त्यांची अवस्था पुष्कळदा या कारकुनासारखी असते, आणि त्यांना ते रजिस्टर कसे मिळवून देता येते हा या लेखाचा विषय आहे. इंग्रजीत याला सिमँटिक कोड सर्च आणि एडिटिंग म्हणतात. ‘सिमँटिक’ म्हणजे अर्थाशी संबंधित. मात्र हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लावला जातो आणि त्यातून बराच गोंधळ होतो, तो पुढे सोडवू.

आधी हा सहायक काम कसे करतो ते पाहू. त्याच्या मुळाशी एक भाषा-मॉडेल असते, म्हणजे प्रचंड मजकुरावरून शिकून स्वतः मजकूर लिहिणारा प्रोग्रॅम. त्याला तुमच्या संगणकावरचे फोल्डर दिसत नाहीत. त्याच्यापुढे जो मजकूर ठेवला जातो तेवढाच त्याला दिसतो. म्हणून त्याच्या हाती काही साधने दिली जातात: फाइल वाचण्याचे एक, शब्द शोधण्याचे एक, फाइलमध्ये बदल करण्याचे एक, आज्ञा चालवण्याचे एक. मॉडेल म्हणते, ‘अमुक फाइल वाचून दाखवा’. साधन ती फाइल त्याच्यापुढे ठेवते. मॉडेल ती वाचून पुढची मागणी करते. हा फेरा काम संपेपर्यंत चालतो, आणि प्रत्येक फेरीत आधी आलेला सगळा मजकूर पुन्हा मॉडेलपुढे असतो. त्या मजकुराचे माप टोकन या एककात, म्हणजे शब्दांच्या लहान तुकड्यांत होते आणि मॉडेल एका वेळी किती टोकन पेलू शकते याला मर्यादा असते. मर्यादा मोठी असली तरी प्रश्न मिटत नाही. लांब मजकुराच्या मध्यभागी असलेली माहिती मॉडेलांना सुरुवातीच्या आणि शेवटच्या माहितीइतक्या अचूकपणे वापरता येत नाही, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले होते. थोडक्यात, सहायकापुढे जितका अनावश्यक मजकूर येईल तितका खर्च वाढतो आणि लक्षही विखुरते.

दांडिया बाजारातल्या एका वाचनालयासाठी काही वर्षांपूर्वी मी पायथन भाषेत एक नोंदव्यवस्था लिहिली होती. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून फंक्शनना (नावाने हाक मारून चालवता येणाऱ्या कोडच्या तुकड्यांना) आणि चलांना (मूल्ये साठवणाऱ्या नावांना) देवनागरी नावे देता येतात, आणि केवळ हौस म्हणून मी ती दिली होती. (ही हौस पुढे मलाच महागात पडली, पण तो दोष भाषेचा नव्हता.) या व्यवस्थेत ‘सभासद’, ‘उसनवारी’ आणि ‘सभागृह’ असे तीन क्लास (एका प्रकारच्या वस्तूंचे साचे) होते आणि तिन्हींत ‘आकार’ नावाचे एकेक फंक्शन होते: सभासदाची वर्गणी, उशिरा परत आलेल्या पुस्तकाचा दंड आणि सभागृहाचे भाडे. त्याखेरीज ओळखपत्रावरच्या छायाचित्राच्या लांबी-रुंदीलाही मी ‘आकार’च म्हटले होते. मराठीत शुल्कही आकार आणि आकृतीही आकार. लिहिताना यात काही वावगे वाटले नाही.

पुढे कार्यकारिणीने ठरवले की उशिराचा दंड रोज १ रुपयाऐवजी २ रुपये घ्यावा, पण पहिले सात दिवस सवलत द्यावी. मी ते काम एका एआय सहायकावर सोपवले. त्याने ‘आकार’ हा शब्द शोधला आणि त्याला शंभराहून अधिक ठिकाणे मिळाली. त्यांत तिन्ही फंक्शने होती, छायाचित्राची मापे होती, टिपांमधले ‘आकारणी’, ‘आकारला’ आणि ‘आकाराची’ होते, कारण या शब्दांच्या पोटात ‘आकार’ ही अक्षरे आहेतच. त्या गर्दीतून वाट काढण्यासाठी त्याने एकामागून एक फाइली संपूर्ण वाचल्या. योग्य फंक्शन त्याने शोधले आणि त्यात ‘सवलत_दिवस’ असे एक नवे, अनिवार्य मूल्य मागण्याची सोयही नीट केली. परंतु मार्चअखेरीच्या अहवालात ‘नोंद.आकार()’ अशी एक ओळ होती. ‘नोंद’ हे नाव पाहून त्याने ती सभासदाची नोंद समजली. ती उसनवारीची होती. त्या ओळीत नवे मूल्य दिले गेले नाही आणि अहवाल काढायच्या दिवशी प्रोग्रॅम थांबला.

चूक बुद्धीची नव्हती, असे माझे मत आहे. ‘नोंद’ कोणत्या क्लासची आहे हे त्या ओळीतल्या अक्षरांत कुठेच लिहिलेले नव्हते. ते दोन फाइली सोडून तिसऱ्या फाइलीत, जिथे ती नोंद तयार होत होती, तिथे ठरले होते. माणसानेही केवळ ती एक ओळ पाहून अंदाजच बांधला असता.

मजकुरात शब्द शोधण्याचे जे साधन सहायक वापरतात त्याचा मूळपुरुष ग्रेप हा प्रोग्रॅम आहे. केन थॉम्पसन यांनी तो १९७० च्या दशकाच्या आरंभी युनिक्स या कार्यप्रणालीसाठी लिहिला. इतक्या वर्षांनंतरही तो आणि त्याची वेगवान भावंडे रोजच्या वापरात आहेत, कारण ती कोणत्याही भाषेत चालतात, काहीही तयारी मागत नाहीत आणि अर्धवट, मोडक्या कोडमध्येही तितक्याच निमूटपणे काम करतात. या साधनाला नावे ठेवण्याची सध्या जी पद्धत पडली आहे ती मला पटत नाही. त्याची मर्यादा एकच आहे, पण मूलभूत आहे: त्याला अक्षरांची रांग दिसते, तिच्यामागची वस्तू दिसत नाही. बडोद्यात ‘सयाजी’ शोधले तर सयाजीगंज, सयाजीबाग आणि सयाजी हॉस्पिटल सगळेच हाती येते. उलट सयाजीबागेला ज्याने ‘कमाटीबाग’ म्हटले आहे त्याचा उल्लेख मात्र सापडत नाही. कोडमध्येही हे दोन्ही प्रकार सर्रास घडतात: एकच नाव अनेक वस्तूंना असते, आणि एखादी वस्तू दुसऱ्या फाइलीत टोपणनावाने आणलेली असते.

वस्तू ओळखणारी यंत्रणा मात्र नव्याने शोधून काढावी लागली नाही. कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलणारा प्रोग्रॅम, हे काम पहिल्यापासून करत आला आहे. कोड वाचताना तो प्रत्येक नावाची नोंदवही ठेवतो: हे नाव कुठे घोषित झाले, त्याची सत्ता कोणत्या कक्षेपर्यंत चालते, त्याचा प्रकार काय, आणि कोणकोणत्या ओळींतून त्याचा वापर होतो. अशी नोंद झालेल्या प्रत्येक वस्तूला, मग ती क्लास असो, फंक्शन असो की चल, सिम्बॉल म्हणतात. एडिटरमध्ये, म्हणजे कोड लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये, एखाद्या फंक्शनच्या नावावर क्लिक करून थेट त्याच्या मूळ जागी जाता येते ते याच नोंदवहीमुळे.

पूर्वी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषेसाठी ही सोय वेगळी बांधावी लागे. दहा एडिटर आणि वीस भाषा असतील तर दोनशे जोडण्या. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडएन्व्ही यांच्या सहकार्याने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. त्यानुसार भाषेचे ज्ञान एका स्वतंत्र प्रोग्रॅममध्ये, म्हणजे लँग्वेज सर्व्हरमध्ये ठेवले जाते आणि कोणताही एडिटर त्याला ठरावीक पद्धतीने प्रश्न विचारतो. दोनशेच्या जागी तीस जोडण्या पुरतात. आज पायथनसाठी पायराइट, गो भाषेसाठी गोप्लीज (gopls), रस्टसाठी रस्ट-ॲनालायझर, सी आणि सी-प्लस-प्लससाठी क्लँगडी असे सर्व्हर उपलब्ध आहेत. या नावाची व्याख्या कुठे आहे, याचे सगळे वापर कुठे आहेत, या फाइलीत कोणकोणते सिम्बॉल आहेत, याचे नाव बदलायचे तर कुठे कुठे बदल करावे लागतील, या कोडमध्ये कोणत्या चुका दिसतात: हे प्रश्न त्यांना विचारता येतात, आणि उत्तरे अंदाजाने नव्हे तर भाषेच्या नियमांनुसार येतात.

मग हाच सर्व्हर एआय सहायकाला जोडून दिला की काम संपले, असे वाटणे साहजिक आहे. इथे एक अडचण येते आणि ती फारशी बोलली जात नाही.

हा प्रोटोकॉल माणसाच्या एडिटरसाठी बनला. माणसाचा कर्सर कुठे आहे हे एडिटरला आपोआप माहीत असते, म्हणून प्रश्न असा विचारला जातो: ‘अमुक फाइलीच्या एकेचाळिसाव्या ओळीत सतराव्या स्थानावर जे आहे त्याची व्याख्या कुठे आहे?’ मोजणी शून्यापासून सुरू होते आणि ओळीतले स्थान, वेगळे ठरवले नसेल तर, अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-१६ या संकेतनाच्या एककांत मोजले जाते. ‘ग्रंथालय’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, पण त्या मोजणीत तो आठ एककांचा होतो, कारण पाय मोडण्याची खूण, अनुस्वार आणि काना हे सगळे वेगळे मोजले जातात. एडिटरला हे जमते. भाषा-मॉडेलला मजकूर टोकनांच्या तुकड्यांत दिसतो, त्यामुळे ओळी आणि स्थाने मोजण्यात ते अनेकदा चुकते; आणि देवनागरी नावे असतील तर विचारायलाच नको. माझी हौस मला भोवली ती नेमकी इथे.

म्हणून सर्व्हर आणि सहायक यांच्यामध्ये एक दुभाषा लागतो. तो सहायकाकडून स्थानांक न मागता नाव घेतो, आणि तेही वस्तूचा पूर्ण पत्ता असलेले: ‘उसनवारी या क्लासमधले आकार हे फंक्शन’. मग स्थान काढणे, सर्व्हरला त्याच्या भाषेत विचारणे आणि आलेले उत्तर पुन्हा वाचनीय करून देणे ही कामे तो स्वतः करतो. सेरेना हे मुक्त-स्रोत साधन याचे चांगले उदाहरण आहे. ते आतून लँग्वेज सर्व्हर वापरते आणि बाहेरून मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलद्वारे सहायकाला जोडले जाते. हा दुसरा प्रोटोकॉल अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला. साधन एकदा त्याच्या नियमांप्रमाणे लिहिले की तो मानणाऱ्या कोणत्याही सहायकाला ते वापरता येते.

अशा साधनासह काम करण्याची रीतच बदलते. सहायक आधी फाइलीची केवळ रूपरेषा मागतो: कोणते क्लास आहेत, त्यांत कोणती फंक्शने आहेत. त्यांतले हवे ते एक निवडून तो फक्त त्याचा मजकूर मागतो. नंतर त्या फंक्शनला कोण कोण हाक मारते याची यादी मागतो. ढोबळ हिशेब करायचा तर, एका ओळीला सरासरी दहा टोकन धरले की दोन हजार ओळींची फाइल वीस हजार टोकन खाते आणि तिच्यातले तीस ओळींचे फंक्शन तीनशे. आकडे प्रत्येक प्रकल्पात बदलतील, पण प्रमाण लक्षात यावे. माझ्या उदाहरणात ‘उसनवारी’मधल्या ‘आकार’चे वापर विचारले असता शंभराहून अधिक ओळींऐवजी मोजून पाच ओळी मिळाल्या आणि त्यांत मार्चअखेरीच्या अहवालातली ‘नोंद.आकार()’ ही ओळ होती. ‘नोंद’ कुठे तयार झाली याचा माग सर्व्हरने तिसऱ्या फाइलीपर्यंत काढला होता.

शोधण्याइतकाच बदल करण्याचा प्रश्नही नाजूक आहे. सहायकाने फाइलीत बदल करण्याच्या काही रीती आहेत आणि प्रत्येकीत काही ना काही जाच आहे. सगळी फाइल नव्याने लिहून काढणे सर्वांत सोपे, पण खर्चिक; शिवाय लिहिता लिहिता मॉडेल न सांगितलेल्या ओळीही ‘सुधारून’ टाकते. ओळींचे क्रमांक देऊन बदल सांगावा तर मोजणीची तीच जुनी अडचण, आणि पहिला बदल झाला की पुढचे क्रमांक सरकतात. आज सर्वाधिक प्रचलित असलेली रीत म्हणजे जुना मजकूर जसाच्या तसा उद्धृत करायचा आणि त्याच्या जागी कोणता नवा मजकूर हवा ते सांगायचे. ती बऱ्यापैकी भरवशाची आहे, पण उद्धरण अक्षरशः जुळावे लागते. एखादी रिकामी जागा कमी-जास्त झाली किंवा तोच मजकूर फाइलीत दोनदा असला की बदल फसतो. आणि जुना मजकूर पुन्हा लिहिण्यात टोकन जातात ते वेगळेच. मॉडेलने लिहिलेले टोकन त्याने वाचलेल्या टोकनांपेक्षा सामान्यतः महाग असतात.

सिम्बॉलच्या आधाराने बदल करायचा असेल तर सहायक म्हणतो, ‘उसनवारीतल्या आकार या फंक्शनचा मजकूर काढून त्याऐवजी हा ठेवा’, किंवा ‘त्याच्या लगेच खाली हे नवे फंक्शन घाला’. जुना मजकूर उद्धृत करण्याची गरज राहत नाही. पण याचाही अतिरेक होतो. दोनशे ओळींच्या फंक्शनमध्ये एकच आकडा बदलायचा असेल आणि सहायक दोनशे ओळी नव्याने लिहू लागला, तर जुनी उद्धरणाची रीतच बरी. चांगला सहायक दोन्ही जवळ ठेवतो.

नाव बदलण्याच्या कामात मात्र सिम्बॉलचे साधन निर्विवाद सरस आहे. सहायकाने फक्त म्हणायचे, ‘उसनवारीतल्या आकार या फंक्शनचे नाव विलंब_आकार करा’. लँग्वेज सर्व्हर प्रकल्पातल्या सगळ्या फाइलींमधले नेमके बदल एकत्र काढून देतो. सभासदाचा आकार तसाच राहतो, सभागृहाचा तसाच राहतो, छायाचित्राचाही. आपल्या कारकुनाच्या हाती असे रजिस्टर असते तर बँकेच्या नावाला त्याने हात लावला नसता. शिवाय बदल झाल्यावर सर्व्हरकडून चुकांची यादी मागता येते, आणि अनिवार्य मूल्य न दिलेली ती एक ओळ मार्चअखेरीची वाट न पाहता त्याच मिनिटाला लाल झाली असती.

आता ‘सिमँटिक’ या शब्दाचा गोंधळ. आतापर्यंत जे सांगितले त्यात अर्थ म्हणजे भाषेच्या नियमांनी ठरवलेला अर्थ: हे नाव नेमके कोणत्या वस्तूचे आहे. काही साधने मात्र याच शब्दाखाली वेगळीच गोष्ट देतात. ती कोडचे लहान लहान तुकडे करतात, प्रत्येक तुकड्याचे एका मॉडेलकडून आकड्यांच्या लांबलचक मालिकेत रूपांतर करून घेतात, आणि ज्यांचा आशय जवळचा त्यांचे आकडेही जवळचे येतील अशी व्यवस्था असते. मग ‘पुस्तक उशिरा आणल्यावर पैसे कुठे लागतात?’ असा साधा प्रश्न विचारला तरी ‘आकार’ हा शब्द न वापरता योग्य तुकडा सापडू शकतो. याला एम्बेडिंगवर आधारलेला शोध म्हणतात, आणि कर्सर या एडिटरमध्ये प्रकल्पाची सूची याच पद्धतीने तयार होते.

हा फरक समजावण्यासाठी बडोद्याचाच आधार घेतो. १९१० साली सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना इथे बोलावले आणि त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयासाठी खास वर्गीकरणपद्धती तयार केली. वर्गीकरणाचा उपयोग असा की पुस्तकाचे नाव माहीत नसले तरी विषयाच्या कपाटापाशी गेले की जवळपास हवे ते सापडते. एम्बेडिंगचा शोध हे त्याच जातीचे काम आहे. नाव माहीत असलेले एक विशिष्ट पुस्तक आणि ते कोणकोणत्या वाचकांनी नेले याची पूर्ण यादी हवी असेल, तर देवघेवीची नोंदवहीच उघडावी लागते. ते सिम्बॉलचे काम. आणि ग्रेप म्हणजे प्रत्येक पुस्तकाचे प्रत्येक पान उलटून शब्द पाहणे. ग्रंथालयात हे शेवटचे अशक्यप्राय. संगणकावर मात्र अगदी वेगवान, एवढ्या ठिकाणी ही उपमा लंगडी पडते. एम्बेडिंगबद्दल एक सावधगिरी अवश्य बाळगावी: जवळचे काही ना काही ते नेहमी शोधून देते, मग हवी ती गोष्ट प्रकल्पात असो वा नसो. ‘सगळे वापर दाखवा’ या प्रश्नाला त्याचे उत्तर पूर्ण मानून चालत नाही.

एक मधला मार्गही आहे. ट्री-सिटर हे साधन कोडचे व्याकरण पाहून त्याचा रचनावृक्ष बनवते. ते वेगवान आहे आणि कोडमध्ये चूक असली तरी अडून बसत नाही. एडर हा सहायक त्याच्या आधारे साऱ्या प्रकल्पाचा संक्षिप्त नकाशा तयार करून मॉडेलपुढे ठेवतो. ट्री-सिटरला नावे आणि त्यांच्या जागा कळतात, पण प्रकार कळत नाहीत, त्यामुळे ‘नोंद.आकार()’ या ओळीपाशी तेही माझ्या पहिल्या सहायकाइतकेच हतबल आहे.

लँग्वेज सर्व्हरचेही नखरे आहेत. मोठ्या प्रकल्पात तो सुरू होऊन सगळे वाचायला वेळ घेतो आणि मेमरी भरपूर खातो. प्रकल्प इतरांनी लिहिलेल्या ज्या तयार कोडवर (लायब्ररींवर) अवलंबून आहे तो त्याला सापडला नाही, तर अनेक वस्तूंचा प्रकार ‘अज्ञात’ राहतो आणि वापरांची यादी निमूटपणे अपुरी येते. अपुरी आहे असे तो सांगतही नाही. पायथनसारख्या भाषेत प्रकार लिहिण्याची सक्ती नसल्यामुळे, जिथे लेखकाने ते लिहिलेले नाहीत तिथे सर्व्हरलाही तर्कच करावा लागतो. काही सर्व्हर तर प्रकल्प समजून घेताना त्यातला कोड चालवूनही पाहतात. रस्ट-ॲनालायझर प्रकल्पाच्या बांधणीच्या स्क्रिप्ट चालवतो. अनोळखी माणसाचा प्रकल्प त्याच्यापुढे उघडण्याआधी हे ध्यानात ठेवावे. आणि अनेक फाइलींत एकदम बदल करणारे कोणतेही साधन चालवण्यापूर्वी गिट या, कोडच्या जुन्या आवृत्ती जपून ठेवणाऱ्या साधनात नोंद करून ठेवावी, हे वेगळे सांगायला नको.

साधन दिले म्हणजे सहायक ते वापरेलच असेही नाही. मॉडेलांना शब्द शोधण्याची सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की नोंदवही समोर असतानाही ती पाने उलटू लागतात. प्रकल्पाच्या सूचनांमध्ये ‘फंक्शनचे वापर शोधायचे असतील तेव्हा आधी सिम्बॉलचे साधन वापरावे’ असे स्पष्ट लिहावे लागते. दुसरीकडे, प्रत्येक साधनाचे वर्णनही मॉडेलपुढे ठेवावे लागते आणि तेही टोकन खाते, त्यामुळे दिसेल ते साधन जोडत सुटणे अंगाशी येते. शे-दोनशे ओळींचा लहान प्रोग्रॅम असेल तर यातले काहीच नको. सहायकाने तो सगळा वाचावा, हे उत्तम. प्रकल्प मोठा आणि नावे पुनःपुन्हा येणारी असली की मगच ही खटपट सार्थकी लागते.

वाचनालयाच्या कामाकडे परत येतो. दुसऱ्या खेपेस मी लँग्वेज सर्व्हर जोडला, फंक्शनचे नाव ‘विलंब_आकार’ करवून घेतले आणि पाचही ठिकाणी ‘सवलत_दिवस’ पोचले. चुकांची यादी रिकामी आली. तरीही मी सहायकाला सांगितले की आता ‘रुपया’ हा शब्द साध्या ग्रेपने सगळ्या फाइलींत शोध. एका फाइलीत सभासदांना जाणाऱ्या एसएमएसचा मसुदा होता आणि त्यात लिहिले होते: ‘पुस्तक परत न केल्यास रोज १ रुपया दंड लागेल.’ अवतरणचिन्हांच्या आतला मजकूर लँग्वेज सर्व्हरच्या दृष्टीने केवळ मजकूर असतो. तो कोणत्या फंक्शनविषयी बोलतो आहे हे कोणत्याच नोंदवहीत नव्हते. डेटाबेसमधल्या रकान्यांची नावे, वेबपानांचे साचे आणि सेटिंगच्या फाइली यांचीही तीच गत असते. सहायकाने ती ओळ मला दाखवली आणि विचारले की १ च्या जागी २ करू का. मी त्याला सवलतीचे सात दिवसही त्यात लिहायला सांगितले.